सुपरस्टिशन मॅलो बियांपासून कसं वाढवायचं (आणि बिया का उकळायच्या नाहीत)

आधी हे कोणासाठी लिहितेय ते सांगते. अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्स, चँडलर, मेसा, टेम्पे या बाजूला राहणारी आपली मंडळी, ज्यांच्या घरापुढे नुसती खडी पसरलेली आहे आणि ज्यांनी इथे आल्या आल्या हौसेने मोगरा, कढीपत्ता, जास्वंद सगळं लावून पहिल्याच जूनमध्ये त्याचं सरपण करून घेतलंय, त्यांच्यासाठी. मीही त्यातलीच. चार कढीपत्ते मारून झाल्यावर अक्कल आली की बाई गं, इथलंच काहीतरी लाव.

झाडाचं शास्त्रीय नाव अब्युटिलॉन पामेरी. इथे नर्सरीत सुपरस्टिशन मॅलो म्हणतात, काही ठिकाणी पामर्स इंडियन मॅलो असंही लेबल असतं. सुपरस्टिशन हे फिनिक्सच्या पूर्वेला दिसणाऱ्या डोंगरांचं नाव, त्याच त्या, जिथे डचमन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका जुन्या खाणवाल्याची हरवलेली सोन्याची खाण सापडेल म्हणून लोक अजून भटकतात. पामर म्हणजे एडवर्ड पामर, एकोणिसाव्या शतकात या सगळ्या भागात झाडं गोळा करत फिरलेला माणूस. आणि इंडियन हे नाव वाचून उगाच हुरळू नका, झाड पक्कं इथलं आहे, ॲरिझोना, दक्षिण कॅलिफोर्नियाचा थोडा भाग आणि सीमेपलीकडचं उत्तर मेक्सिको. पण गंमत अशी की आपल्याकडे बांधावर, पडक्या भिंतीजवळ उगवणारी पेटारी, जिला कोणी मुद्रा म्हणतं, वैद्य लोक अतिबला म्हणतात, ती याची सख्खी चुलत बहीण. तेच बदामाच्या आकाराचं मखमली पान, तेच पाच पाकळ्यांचं पिवळं फूल, तेच चक्रासारखं फळ जे आम्ही लहानपणी शाईत बुडवून वहीच्या मागच्या पानावर शिक्के मारायला वापरायचो. मी पहिल्यांदा इथल्या एका ट्रेलवर हे झुडूप पाहिलं तेव्हा नवऱ्याला म्हटलं, अरे ही बघ पेटारी. तो म्हणाला, प्रत्येक झाडाला तू हेच म्हणतेस. यावेळी मी जवळजवळ बरोबर होते.

तीन ते पाच फूट वाढतं, तेवढंच रुंद. फूल पेटारीपेक्षा जास्त केशरीकडे झुकलेलं, हळदीत चिमूटभर कुंकू पडल्यासारखं. पानाला हात लावला की सोडवत नाही. ऊन म्हणाल तर २०२३ साली फिनिक्सला सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० फॅरनहाइटच्या खाली राहिला नव्हता, म्हणजे आपल्या भाषेत रोज ४३ च्या वर, आणि त्या महिन्यात माझ्या पश्चिमेच्या भिंतीजवळची दोन झाडं पानं थोडी मिटून उभी होती. तेवढंच.

रोप विकत घ्यायचं की बी लावायचं

रोप मिळालं तर खुशाल घ्या, बियांपासूनच वाढवलं पाहिजे असं काही नाही. फिनिक्सच्या डेझर्ट बोटॅनिकल गार्डनचा, ते १९३९ सालचं आहे, वसंतात आणि शरदात झाडांचा सेल लागतो, तिथे वाळवंटी झाडं चांगली मिळतात. मी बियांवर आले कारण मला कुंपणाच्या कडेने ओळीने दहा-बारा झाडं हवी होती आणि तेवढ्या कुंड्यांचे पैसे ऐकून घरात भांडण झालं असतं.

बी गोळा करणं

ओळखीच्या कोणाच्या अंगणातून घ्या. पार्कातून, ट्रेलवरून तोडू नका, इथे त्याचे नियम कडक आहेत आणि ते योग्यच आहेत. फळ पूर्ण तपकिरी होऊन वरून उकलायला लागलं की तोडायचं, हिरवट असेल तर राहू द्या. फळावर बारीक लव असते, ती हाताला आणि नाकाला खाजते, म्हणून ग्लोव्ह्ज घाला आणि हे काम किचनच्या ओट्यावर करू नका (मी केलं, दोन दिवस पोळ्या लाटताना शिंकत होते). फळ चुरगळलं की छोट्या मूत्रपिंडासारख्या, साधारण मोहरीच्या दाण्याएवढ्या गडद बिया निघतात. चहाच्या गाळणीतून कचरा पाखडून टाका. बियांना बारीक भोकं दिसली तर आत कीड आहे, त्या फेका, बाकीच्या कागदी पाकिटात घालून दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा म्हणजे उरलीसुरली अळी मरते. आणि हो, इथे फ्रीझरचं काम संपलं. याच्या पुढे थंडीचा आणि या बियांचा काही संबंध नाही, हे पुढे परत येणार आहे.

बी घासणं, म्हणजे खरं सगळं इथेच आहे

माझी तीन वर्षं इथे गेली. त्यामुळे या भागावर मी लांबलचक लिहिणार, कंटाळा आला तरी वाचा, कारण इथे चुकलात तर पुढचं काहीच करायची वेळ येत नाही.

पहिल्या वर्षी मी एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक गृहस्थ अगदी आत्मविश्वासाने म्हणत होते की मॅलोच्या बिया कडक असतात, उकळतं पाणी ओता आणि दोन दिवस तसंच ठेवा. मी चहाच्या किटलीतलं खदखदणारं पाणी सरळ वाटीत ओतलं, चांगल्या चाळीस-एक बिया होत्या. दोन दिवसांनी वाटीत साबुदाणा भिजून फसल्यावर होतो तसा बुळबुळीत लगदा, वर वास. तरी मी त्या पेरल्या, आशा बघा. महिनाभर रोज सकाळी कुंडीत वाकून बघत होते. शेवटी त्या कुंडीत एक उगवलं ते दुसरंच कसलंतरी गवत.

दुसऱ्या वर्षी आणखी शहाणपणा. कुठेतरी वाचलं की बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून महिनाभर फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे त्यांना हिवाळा आला असं वाटतं. अहो, पण हे झाड राहतं कुठे? जिथे हिवाळ्यातही दुपारी लोक अर्ध्या बाहीच्या शर्टात फिरतात तिथे. बर्फाच्या प्रदेशातल्या बियांची युक्ती वाळवंटातल्या बीला लावून काय होणार. पण तेव्हा हे सुचलं नाही. महिनाभर दह्याच्या डब्याशेजारी त्या बिया पडून होत्या, मुलाने दोनदा विचारलं हे खायचं आहे का. तीसातल्या दोन उगवल्या, त्याही नशिबाने.

मग फोनवर बाबांना सांगत होते. आमचं परभणीकडचं, घरी कापूस असायचा. बाबा सगळं ऐकून घेतात आणि मग एकच वाक्य बोलतात. म्हणाले, "अगं, चोळलंस का बी? नुसतं भिजत घालून काय होतंय." पाकिटातलं तयार बी यायच्या आधी आजोबा सरकी शेणात आणि राखेत चोळून पेरायचे, ते त्यांना आठवत होतं. आता खरं सांगायचं तर सरकी चोळायचं कारण वेगळं होतं, तिची लव बसावी, बी एकमेकाला चिकटू नये आणि हातातून सुटं पडावं म्हणून. पण कापूस, भेंडी, अंबाडी, जास्वंद, पेटारी आणि हा मॅलो, सगळं एकाच घरातलं, आणि चोळणं हा शब्द माझ्या डोक्यात अडकला तो अडकलाच.

प्रॉब्लेम काय आहे तो नीट समजून घ्या, मग कृती पाठ करावी लागत नाही. या बीला झोप वगैरे लागलेली नसते. आतला अंकुर तयार असतो, फक्त त्याला पाणी मिळत नाही. सालीत लांबट पेशींचा एक थर असतो, फरशा उभ्या करून एकाला एक चिकटवाव्यात तसा, आणि त्यातून पाणी आत जातच नाही. तुम्ही महिनाभर बुडवून ठेवा, बी आतून कोरडं ठणठणीत. वाळवंटात हे शहाणपणाचं आहे, कारण एका चुकार सरीने सगळ्या बिया उगवल्या आणि मग चार महिने पाऊसच नाही आला तर वंश संपला. म्हणून त्या थोड्या थोड्या करून, वर्षानुवर्षं उगवतात. उन्हाने तापून, रात्री गार पडून, कोरड्या ओढ्यातून, ज्याला इथे वॉश म्हणतात, पुराबरोबर वाळूत रगडत जाऊन साल झिजते आणि मग कधीतरी पाणी शिरतं. या कुळाच्या बिया किती थांबू शकतात याचा एक जुना प्रयोग आहे, १८७९ मध्ये मिशिगनच्या कृषी महाविद्यालयात बील नावाच्या प्राध्यापकांनी २० बाटल्यांमध्ये वेगवेगळ्या बिया घालून जमिनीत पुरल्या आणि दर काही वर्षांनी एकेक बाटली उकरायची असं ठरवलं. १९८० मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी उकरलेल्या बाटलीत जे मोजकं काही उगवलं त्यात एक मॅलोचं बी होतं. आता शंभर वर्षं थांबायची तयारी असलेल्या बीला तुम्ही "लवकर उगव गं" म्हणून पाणी घालत बसलात तर ती कशाला ऐकेल.

म्हणजे आपल्याला एवढंच करायचंय की वॉशमधली वाळू जे काम दोन-चार पावसाळ्यांत करते ते टेबलावर दहा मिनिटांत करायचं. सालीला एक ओरखडा. शिजवायचं नाही, गारठवायचं नाही, ओरखडा.

त्यासाठी सँडपेपर लागतो, आपल्याकडे पॉलिश पेपर म्हणतात तोच. १५० नंबरचा घ्या. माझ्या पहिल्या प्रयत्नाला गॅरेजमध्ये ८० नंबरचा पडला होता तो वापरला आणि बियांचं पीठ केलं. २२० चा फार गुळगुळीत, घासून घासून हात दुखतो आणि बीला काही होत नाही.

एक तुकडा टेबलावर तोंड वर करून ठेवा. दुसरा एका लाकडी ठोकळ्याला किंवा सपाट डबीला गुंडाळा. मध्ये दहा-बारा बिया टाका, जास्त नाही. ठोकळा वरून हलका ठेवून गोल गोल फिरवा, बोटांचा भार पुरे, चंदन उगाळतो तसा जोर नको. आठ-दहा फेऱ्या झाल्या की थांबा आणि बघा. बघा म्हणजे खरंच बघा, मोबाईलचा कॅमेरा झूम करून उजेडात. आधी बी गडद आणि थोडं तेलकट दिसत होतं, आता कुठेतरी ते फिकं, पिठूळ, शेंगदाण्याच्या सालीसारखं मंद दिसायला पाहिजे. तसा एक डाग दिसला की बस. संपूर्ण बी फिकं करायची गरज नाही, पाण्याला एकच दार लागतं. पांढरं दिसलं तर मात्र तुम्ही आत पोचलात, ते बी जखमी झालं, ते पेरलं तर बहुतेक सडेल.

काही जण सांगतात की डबीला आतून सँडपेपर लावा, सगळ्या बिया टाका आणि पाच मिनिटं खुळखुळ्यासारखं हलवा. मी केलंय. निम्म्या बियांना काहीच झालं नव्हतं, आणि कोणत्या निम्म्या ते कळायला मार्ग नाही. हात दुखला तो वेगळा. ज्यांना शंभर-दोनशे बिया लावायच्यात त्यांनी करावं, घरच्या बागेला वीस बिया लागतात, त्या हाताने घासा.

नेलकटरवाले पण असतात. बीची कड किंचित कापायची. चालतं, पण मग बीचा आकार ओळखा. मूत्रपिंडाच्या आकाराला आतल्या बाजूला जी खाच असते तिथे मुळाचं टोक असतं, तिथे कापलंत तर मूळच उडवलंत. नेहमी खाचेच्या उलट, पाठीच्या गोल बाजूला, आणि तेही केसाएवढं. माझ्या जाड बोटांना ते जमत नाही, चार बिया कापल्या की पाचवी टणकन उडून सोफ्याखाली जाते.

गरम पाण्याबद्दल. होय, गरम पाण्याने पण साल उघडते, मी नाही म्हणत नाही. पण पाणी खदखदत नको, उकळी बंद करून काही मिनिटं थांबून मग ओतायचं आणि आपोआप गार होऊ द्यायचं. तरीसुद्धा काही बिया उघडतात, काही शिजतात, आणि दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. सँडपेपरमध्ये तुम्हाला डोळ्यांनी दिसतं काय चाललंय. म्हणून मी सँडपेपरच म्हणते, यावर वाद घालायचा असेल तर आधी तुमच्या उकळलेल्या बियांतून किती झाडं उभी आहेत ते दाखवा.

आता भिजवणं. घासलेल्या बिया कोमट पाण्यात टाका, कोमट म्हणजे बाळाच्या अंघोळीचं. चार ते सहा तास. रात्रभर ठेवलं तरी चालेल पण सकाळी चहाच्या आधी काढायचं, चोवीस तास वगैरे नाही, पाण्याखाली बीचा जीव गुदमरतो. "बी तरंगलं की पोकळ" हा नियम इथे लावू नका, याच्या सालीवरच्या लवीत हवा अडकते, चांगल्या बियाही तरंगतात.

आणि आता तो क्षण जो मला कोणीच सांगितला नव्हता. सहा तासांनी वाटीत बघा, काही बिया फुगलेल्या दिसतील, जवळजवळ दुप्पट, रंग फिका, बोटाने दाबलं तर किंचित मऊ. काही तशाच बारीक, काळपट, कडक. फुगलेल्यांमध्ये पाणी शिरलं, त्यांचं काम झालं. न फुगलेल्यांचं नाही झालं, बस, त्या मेलेल्या नाहीत. त्या पुसून, वाळवून परत सँडपेपरवर घ्या, परत चार-पाच फेऱ्या, परत भिजवा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा बारा बियांतल्या सात पहिल्या फेरीत फुगल्या आणि चार दुसऱ्या फेरीत, एक शेवटपर्यंत हट्टाला पेटली. त्या दिवशी मी वाटीचा फोटो काढून बाबांना पाठवला. त्यांचं उत्तर, "भेंडीच्या बियासारखंच की." हो, भेंडीसारखंच, पण ते समजायला तीन वर्षं लागली.

एक ताकीद. फुगलेलं बी परत वाळू द्यायचं नाही. फुगलं की त्याच दिवशी पेरायचं, उद्या वेळ मिळेल, वीकेंडला बघू, असं नाही. त्यामुळे कुंड्या आधी भरून ठेवा आणि मगच बी घासायला बसा. एकदा घासलेल्या, भिजवलेल्या बिया ओट्यावर राहिल्या कारण मुलाची सॉकरची मॅच होती, रात्री आले तर कुरकुरीत वाळलेल्या. त्यातली एकही उगवली नाही.

पेरणं

अर्धी पॉटिंग मिक्स, अर्धी परलाइट किंवा प्युमिस (माती मोकळी ठेवणारे हलके, सच्छिद्र खडे). खोल कुंडी किंवा खाली भोकं पाडलेला कॉफीचा मोठा पेपर ग्लास, याचं मूळ पटकन खाली धावतं. बी अर्धा सेंटिमीटर खोल, वर माती, पाणी, सकाळचं ऊन. चार ते दहा दिवसांत वर येतं. मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर, मधल्या भट्टीत नको.

कोवळ्या रोपाला रोज स्प्रेने फुसफुस पाणी मारू नका, दांडा जमिनीलगत काळा पडून रोप आडवं होतं. ग्लास उचलून बघा, हलका लागला तरच पाणी.

जमिनीत लावणं

चार-सहा खरी पानं (बीतून निघणारी पहिली दोन सोडून) आली की ऑक्टोबरमध्ये जमिनीत. ऑक्टोबरच का, तर पुढचे सात-आठ महिने मुळांना खाली जायला मिळतात आणि मगच मे-जूनची परीक्षा येते. एप्रिलमध्ये लावलेली माझी तीन रोपं जुलैपर्यंत टिकली, त्यातलं एक पुढे गेलं.

खड्डा खणताना एक गोष्ट तपासा, इथल्या जमिनीत खाली कॅलिची असते, चुनखडीचा सिमेंटसारखा थर, कुदळ मारली की ठिणगी उडावी असा. फूटभर खड्डा खणून रात्री पाण्याने भरा. सकाळी पाणी तसंच असेल तर दुसरी जागा बघा किंवा पहारीने थर फोडा, नाहीतर मूळ डबक्यात उभं राहणार. आणि खड्ड्यात शेणखत, कंपोस्ट, केळ्याच्या साली, घरातलं प्रेम यातलं काहीही घालू नका. निघालेली तीच माती परत. खत घातलेल्या झाडाला भसाभस मऊ पानं येतात, फांद्या लोळतात आणि मावा पडतो. शेजारच्या काकूंनी, त्या आपल्याच आहेत, नाशिकच्या, गांडूळखत घातलं आणि मला म्हणाल्या, बघ माझं तुझ्या दुप्पट झालंय. मान्सूनच्या पहिल्या वादळात मधोमध फाटलं.

हो, इथे पण मान्सूनच म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर अशी त्याची सरकारी तारीख आहे. नावावर जाऊ नका. अख्ख्या वर्षाचा पाऊस मिळून सात-आठ इंच, आपल्याकडे एखाद्या दुपारी पडून जातो तेवढा.

पाणी

पहिला उन्हाळा: आठवड्यातून एकदा, पण भरपूर, माती दीड-दोन फूट खाली ओली होईल इतकं. लांब स्क्रू ड्रायव्हर मातीत खुपसून बघा, जिथपर्यंत सहज जातो तिथपर्यंत ओल. दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी एकदा, थंडीत जवळजवळ विसरून जा. दुपारी पानं मिटलेली दिसली म्हणून नळी घेऊन धावू नका, संध्याकाळी उघडतात. सकाळी सात वाजताही मिटलेली असतील तर तहान लागलीय.

आपल्या लोकांची चूक नेहमी इथे होते. तुळशीला रोज पाणी घालायची सवय, मग हिलाही एक तांब्या. वाळवंटातलं झाड रोज तांब्याभर पाण्याने मरतं, उन्हाने नाही. मुळं वरच्या दोन इंचांत राहतात आणि तुम्ही दिवाळीला भारतात गेलात की संपलं.

ससे

पहिले सहा महिने तारेची जाळी, गोल करून, दोन फूट उंच, खालची कड मातीत पुरून. ससे मखमली पान असं खातात की सकाळी नुसती काडी उभी. जाळी न लावता मला सांगायला येऊ नका की बी खराब होतं.

छाटणी आणि थंडी

रात्रीचं तापमान पंचवीस फॅरनहाइटच्या आसपास गेलं तर शेंडे काळे पडतात. जुनी चादर टाका, प्लास्टिक नको. काळ्या फांद्या लगेच कापू नका, मार्चच्या सुरुवातीला एक तृतीयांश छाटा, त्यानंतर झाड गोल भरतं आणि फुलांचा बार येतो. छाटतानाही ग्लोव्ह्ज.

फुलं आली की सकाळी उशिरा एकदा खुर्ची टाकून बसा. बारीक रानमाश्या फुलात शिरून परागांत लोळतात आणि पिवळ्याधमक होऊन बाहेर पडतात, काही तर फुलातच झोपलेल्या दिसतात. पानांना कडेने भोकं आणि एखादं पान दुमडून चिकटवलेलं दिसलं तर ती बहुतेक स्किपर फुलपाखराची अळी, मॅलो कुळावरच वाढते ती. फवारणी करू नका. पान उघडून बघितलंत तर परत नीट मिटवून ठेवा.

एक गोष्ट आईसाठी लिहितेय कारण ती प्रत्येक वेळी विचारते. नाही, इथल्या बिया मी बॅगेतून परभणीला आणणार नाही, आणि तूही लोणच्याच्या बरणीत पेटारीच्या बिया लपवून पाठवू नकोस. दोन्हीकडे बियांना कागदपत्रं लागतात, आणि उगाच एखादा रोग नाहीतर तण इकडचं तिकडे कशाला. तिकडे ज्यांना असं झुडूप हवंय त्यांनी गावाबाहेरच्या बांधावरून पेटारीची वाळलेली फळं आणावीत, हाच सँडपेपर, हीच वाटी, हेच सहा तास. तिचं फूल दुपार कलल्यावर उमलतं, शाळा सुटायच्या वेळेला, ते मात्र माझ्या इथल्या झाडात नाही.

झाड पाच-सहा वर्षांनी दमतं, खोड लाकडी होतं, मध्ये पोकळ दिसायला लागतं. वाईट वाटून घेऊ नका, तोवर खाली ड्रिपच्या नळीशेजारी आपोआप पोरं उगवलेली असतात, चांगली एक-दोन ठेवा, बाकीची ओळखीत वाटा. फक्त सोसायटीचे, म्हणजे इथल्या भाषेत एचओएचे लोक असतील तर रोपाभोवती चार दगड मांडून ठेवा. मला एकदा "तण काढा" असं पत्र आलं होतं, फोटोसकट. फोटोत माझा मॅलो, फुलावर. दगड मांडल्यावर तेच तण लँडस्केपिंग झालं, परत पत्र नाही.

आणि गंमत, गेल्या सप्टेंबरमध्ये ड्राइव्हवेच्या कडेला, खडी आणि काँक्रीटच्या फटीत, एक रोप आलं. तिथे मी कधी बी टाकलेलं नाही, घासणं भिजवणं तर लांबच. नवरा रोज तिथूनच गाडी मागे घेतो, टायर त्या खडीवरून करकर करत जातो. मी त्याला म्हटलं, हा बघ तुझा सँडपेपर. आता ते तिथून हलवायचं तर मूळ नक्की तुटणार, म्हणून तसंच ठेवलंय, आणि तो गाडी फूटभर डावीकडून काढतो.